बियाण्याचा मेंढा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात महू येथे दिलेले भाषण)



या समारंभात मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसांनी मला कळविले, तेव्हा त्यांची अशी समजूत असावी की, हे मास्तर आहेत, तेव्हा शिक्षणावर बोलतील. मी विषय कळविला, 'मेंढ्यांची पैदास'. तो ऐकून मंडळींपैकी दोघे-तिघे हसले असे मला समजले. त्यांच्या हसण्याचा मला यत्किंचितही राग नाही. गणित आणि विज्ञान शिकविणाऱ्या माणसाने मेंढ्यांच्या वाटेला का जावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यात दोष असेल तर तो माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. मानपूरच्या वाटेवरच्या वस्तीत त्याचे घर. वडील नव्हते. आई मजुरीला जाई आणि घरी सात-आठ मेंढ्या पाळी. फी भरायची वेळ आली की ती बाई पदराच्या गाठीतून पैसे सोडून द्यायची. एके वर्षी बकरी ईदच्या आधी तिने एक मेंढा विकला, आणि मुलाची वर्षाची फी एकदम भरली. ईदसाठी सगळेच देखणा, भरलेला, दोन दाती जनावर पाहतात. तिच्या कळपात तसा तो एकच होता, आणि त्याला चांगला भाव आला. मी पावती लिहून दिली, आणि बाईच्या शहाणपणाचे मनापासून कौतुकही केले. पुढच्या वर्षी असेच झाले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

चौथ्या वर्षी ती बाई शाळेच्या फाटकापाशी थांबली आणि मला म्हणाली, "मास्तरसाहेब, तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारते. माझ्या मेंढ्यांना कोणाची नजर लागली काय? कोकरे पहिल्यासारखी वाढत नाहीत. चारा तेवढाच खातात, पण अंगाला लागत नाही."

मी म्हणालो, चराईची राने कमी झाली आहेत, पाऊस धड होत नाही. हे खोटे नव्हते, परंतु पुरे खरेही नव्हते. घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले की, तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून शिकवीत होतो, आणि तिला मात्र ते सांगू शकलो नव्हतो. तीन वर्षे त्या घरातला सर्वांत चांगला मेंढा बाजारात गेला. मागे जो राहिला, ज्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, जो अंगाने लहान होता, तोच पुढच्या सगळ्या कोकरांचा बाप झाला. नजर लागली असेल तर ती बाजाराची लागली होती.

शेतकरी असे करीत नाही, हे लक्षात घ्या. मक्याची सगळी कणसे बाजारात नेली तरी सर्वांत भरलेली चार कणसे तो खुंटीला टांगून ठेवतो. घरात उपास पडला तरी बियाण्याला हात लावू नये, हे लहान पोरालाही ठाऊक असते. तथापि तोच शेतकरी, तोच मेंढपाळ मेंढ्यांच्या बाबतीत नेमके उलट करतो. बियाणे विकतो आणि उरलासुरला पेरतो. असे का होते? कणसात दाणा डोळ्यांना दिसतो, मेंढ्यात तो दिसत नाही.

आता थोडे गणित करू. भिऊ नका, चौथीच्या मुलाला येईल एवढेच आहे. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतो. समजा, एखाद्या कळपातली कोकरे तीन महिन्यांची झाली म्हणजे सरासरी 12 किलो भरतात. त्यांत एक नर 15 किलोंचा आहे आणि एक 9 किलोंचा. पहिला सरासरीहून 3 किलो अधिक, दुसरा 3 किलो उणा. हा सगळाच फरक रक्तातला नसतो. एखाद्याच्या आईला दूध जास्त असते, एखादे कोकरू आधी जन्मलेले असते, एखादे आजारी पडून उठलेले असते. मेंढ्यांच्या वाढीच्या बाबतीत साधारण पाव हिस्सा रक्तातून येतो असे धरले तर फारसे चुकत नाही. तेव्हा 3 किलोंचा पाव हिस्सा म्हणजे 750 ग्रॅम. कोकराला बापाकडून निम्मेच मिळते, निम्मे आईकडून येते. म्हणजे 15 किलोंच्या मेंढ्याच्या प्रत्येक कोकराला सुमारे 375 ग्रॅम वजन अधिक मिळेल, आणि 9 किलोंच्या मेंढ्याच्या कोकराला तेवढेच कमी.

आपण म्हणाल, पावणेचारशे ग्रॅमने काय होते? परंतु एक मेंढा हंगामात तीस-चाळीस मेंढ्यांना पुरतो. चाळीस कोकरांचा हिशेब केला तर एकीकडे 15 किलोंचा लाभ आणि दुसरीकडे 15 किलोंचा तोटा, म्हणजे दोन मेंढ्यांत एका हंगामात 30 किलोंचा फरक पडला. चाऱ्याची एक काडीही जास्त न घालता हा फरक पडतो. शिवाय तो पुढच्या पिढीत उतरतो आणि त्यावर पुन्हा चढ किंवा उतार होतो. सावकाराच्या व्याजासारखे हे चालते. फक्त व्याज आपल्याला मिळायचे की आपल्याकडून जायचे, हे मेंढा निवडताना ठरते.

त्या बाईच्या कळपात आणखी एक दोष शिरला होता. घरातलाच मेंढा वर्षानुवर्षे राहिल्यामुळे बाप-लेक, भाऊ-बहीण यांचाच मेळ होत गेला. अशा जवळच्या रक्ताने कोकरे दुबळी होतात आणि मरतुकही वाढते. मेंढा कितीही उत्तम असला तरी त्याच्या लेकी माजावर येण्यापूर्वी तो दुसऱ्या कळपात गेला पाहिजे आणि दुसऱ्याचा आपल्याकडे आला पाहिजे.

हा विचार जगात नवा नाही. इंग्लंडात लेस्टरशायर परगण्यातील डिशली येथे रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी होऊन गेला. त्याचा काळ 1725 ते 1795. त्याने मेंढ्यांची जी जात घडविली ती लवकर वाढणारी आणि थोड्या काळात मांस धरणारी म्हणून प्रसिद्धीस आली. त्याची एक युक्ती मला फार मोलाची वाटते. तो आपले उत्तम मेंढे हंगामापुरते भाड्याने देई. वेगवेगळ्या कळपांत त्यांची कोकरे कशी निपजतात ते पाही, आणि जो उत्तम ठरेल तो परत आणून आपल्या मेंढ्यांना लावी. म्हणजे मेंढ्याची परीक्षा त्याच्या रूपावरून न घेता तो संततीवरून घेत असे. बेकवेलच्या हातूनही चूक झालीच. त्याच्या मेंढ्यांच्या मांसात चरबी फार, अशी तक्रार पुढे झाली. एकाच गुणाच्या मागे लागले म्हणजे दुसरा गुण निसटतो, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

आता आपल्या माणसांकडे येऊ. इंदूरच्या होळकर घराण्याचे मूळपुरुष मल्हारराव हे नीरा नदीच्या काठच्या होळ गावचे, धनगर कुळातले, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच नीरेच्या खोऱ्यात फलटण आहे, आणि माझे आजोळ त्या बाजूचे. लोणंदच्या बाजारात मेंढ्या पाहण्यासाठी लहानपणी मी मामूंचे बोट धरून जात असे. मामू मेंढीच्या पाठीवर नुसता हात ठेवून वजन सांगत, आणि ते सहसा चुकत नसे. त्या भागातील मेंढी ती दख्खनी. अंगावर काळी लोकर, जिची घोंगडी होते. उन्हातान्हात मैलोगणती चालणारी आणि वाळल्या कुसळांवर गुजराण करणारी. परंतु ती बहुधा एका वेळी एकच कोकरू देते.

फलटणला 1968 साली बनबिहारी निंबकर यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तेथे डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात या मेंढीचा प्रश्न हाती घेतला. घोंगडीचा खप कमी झाला होता, आणि धनगराचे उत्पन्न आता मुख्यतः कोकरे विकूनच येत होते. अशा वेळी मेंढी वर्षभर जो चारा खाते, त्यातून अधिक मांस कसे निघावे, हा खरा प्रश्न होता. येथे मी जरा थांबतो, कारण 'खाल्लेले अंगाला लागणे' म्हणजे काय, हे नीट समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

दोन कोकरे घ्या. दोघांचे वजन महिन्यात सारखेच वाढले. एकाने त्यासाठी कमी खाल्ले, दुसऱ्याने जास्त. तर पहिले अधिक चांगले. खुराकावर वाढविलेल्या कोकराला एक किलो वजन वाढायला साधारण सहा ते आठ किलो खाद्य लागते. त्यात एक किलो वाचला तरी पेंडीच्या आजच्या भावात ते थोडके नव्हे. परंतु हे मोजायचे म्हणजे प्रत्येक कोकरू वेगळे बांधून, घातलेले आणि उरलेले खाद्य रोज तोलावे लागते. मोठ्या संशोधन संस्थांना ते शक्य आहे. रानात चरणाऱ्या कळपाला ते जमणार नाही.

तेव्हा आपण सोपा हिशेब धरावा. कळपात सर्वांत जास्त खाते कोण? कोकरे नव्हेत, त्यांच्या आया. तीस किलोंची मेंढी रोज सुमारे एक किलो कोरडा चारा खाते असे धरले तर वर्षाचे झाले 365 किलो. तिने एक कोकरू वाढविले तरी तेवढे, आणि एकही वाढविले नाही तरी जवळजवळ तेवढेच. समजा, एका मेंढीने 13 किलोंचे एक कोकरू दिले आणि दुसरीने दहा-दहा किलोंची दोन दिली. दुसरीची कोकरे दिसायला लहान आहेत, बाजारात तिची कोणी स्तुती करणार नाही. परंतु तिने वर्षाकाठी 20 किलो दिले, पहिलीने 13. दुसरीला दूध पाजायच्या दिवसांत खुराक थोडा जास्त लागतो हे खरे, तरीही चारा तिनेच सत्कारणी लावला. याच कारणाने नुसती थोराड मेंढी पाहून भुलू नये. पंचेचाळीस किलोंची मेंढी खातेही त्याच मानाने. लहानपणी झपाट्याने वाढावे आणि मोठेपणी बेताचे राहावे, अशी मेंढी गरिबाच्या घराला परवडते.

आता फलटणच्या प्रयोगाकडे वळू. बंगालमधील सुंदरबनात गारोल नावाची एक बुटकी मेंढी आहे. दलदलीत राहणारी, अंगाने लहान, परंतु जुळी-तिळी देणारी. 1792 आणि 1793 साली कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजांतून ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तेथे पुढे बुरूला नावाच्या मळ्यावरील मेरिनो मेंढ्या एका वेळी पुष्कळ कोकरे देतात म्हणून नावाजल्या. हा गुण एकाच जनुकातील बदलामुळे येतो. तो बदल नेमका कोणता, हे 2001 साली शास्त्रज्ञांना उमगले, आणि तोच आमच्या गारोल मेंढीत आहे, हे 2002 साली प्रसिद्ध झाले. घरचे धन परदेशी जाऊन नाव कमावून आले, तेव्हा घरच्यांना त्याची ओळख पटली.

फलटणच्या मंडळींनी गारोलचा हा गुण दख्खनी मेंढीत आणला. परंतु गारोल लहान. नुसता संकर केला तर जुळी होतात, पण कोकरे किरकोळ निपजतात. यास्तव त्यांनी संकरित मेंढ्यांचा पुन्हा पुन्हा दख्खनीशी आणि कर्नाटकातील मांसाळ बन्नूर जातीशी मेळ घातला. पश्चिम आशियातील दुभत्या आवासी जातीचे रक्तही दुधासाठी मिसळले. प्रत्येक पिढीत रक्त तपासून ज्यात तो जनुक आहे तेवढीच जनावरे पुढे ठेवली. या कामी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठ यांचे साहाय्य होते. त्यातून जी मेंढी उभी राहिली तिचे नाव 'नारी सुवर्णा'. शंभर मेंढ्या व्याल्या तर साधारण दीडशेच्या आसपास कोकरे, असे तिचे मान आहे. आपल्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हे नाव उच्चारताना मला विशेष आनंद होतो.

असाच प्रयत्न आपल्या शेजारी राजस्थानातही झाला आहे. मालपुऱ्याजवळ अविकानगर येथे 1962 साली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी या तीन जातींपासून 'अविशान' नावाची मेंढी तयार करण्यात आली. तिच्यात गारोलचा अंश अवघा आठवा हिस्सा आहे, पण जुळी देण्याचा गुण तेवढ्यातून उतरला. दरसाल राजस्थानचे राईका मेंढपाळ आपले कळप घेऊन माळव्यात उतरतात. महूच्या आसपासच्या रस्त्यांवर लाल पागोट्यांची ती माणसे आणि मागे धुळीचा लोट, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

परंतु एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. मैलोगणती फिरणाऱ्या मेंढपाळाला जुळे म्हणजे कधी कधी ओझे होते. दोन कोकरे खांद्यावर किती चालवणार? जुळी त्यालाच मानवतात, जो एका जागी राहतो, व्यायच्या आधी आणि नंतर मेंढीला मूठभर खुराक देतो, आणि दुबळ्या कोकराला बाटलीने दूध पाजतो. पुष्कळदा हे काम घरातल्या बाया आणि मुले करतात. ज्या घरी पाच-दहा मेंढ्या दारात बांधलेल्या असतात त्या घराला हे साधते. लस वेळेवर टोचली नाही, जंताचे औषध दिले नाही, तर उत्तम रक्तही मातीमोल होते. आंत्रविषार आणि पीपीआर या दोन रोगांनी कळपच्या कळप रिकामे होतात. सुधारलेले जनावर म्हणजे अधिक मागणारे जनावर, हे विसरून चालणार नाही.

देशात 2019 सालच्या गणनेत 7 कोटी 42 लाखांहून अधिक मेंढ्या होत्या. त्यांतल्या बहुतेक थोरामोठ्यांच्या नाहीत. त्या अशाच पदराच्या गाठीत पैसे बांधणाऱ्या घरांच्या आहेत. त्या सर्वांना सुवर्णा किंवा अविशान मिळणार नाही, आणि मिळण्याची वाट पाहायचीही गरज नाही. जी मेंढी दारात आहे, तिच्यातही निवड करता येते. त्यासाठी तीन वस्तू पुरतात. एक लटकता वजनकाटा, एक वही आणि कानात अडकवायचे नंबरचे बिल्ले. कोकरू जन्मले की तारीख, आईचा नंबर, एकटे की जुळे, हे लिहावे. तीन महिन्यांचे झाले की तोलावे. तोलताना न्यायाने तोलावे. जुळ्यातला 12 किलोंचा मेंढा एकट्याने दूध प्यायलेल्या 14 किलोंच्या मेंढ्यापेक्षा रक्ताने सरस असू शकतो. पहिलटकरणीचे कोकरू आणि तिसऱ्या खेपेचे कोकरू यांना एका मापाने मोजू नये. वर्षाअखेरीस प्रत्येक मेंढीपुढे तिने एकूण किती किलो कोकरू दिले, हे लिहावे. त्या आकड्यात वाढही आली, दूधही आले, जुळीही आली आणि चाऱ्याचे चीजही आले.

ही वही लिहिणार कोण? आपली मुले लिहितील. सातवी-आठवीच्या मुलाला सरासरी येते, पण कशाची काढावी ते समजत नाही. त्याला घरच्याच कोकरांची सरासरी काढू द्या. मी आरंभी म्हणालो नव्हतो, आता म्हणतो, की मी शिक्षणावरच बोलत आहे.

आता ट्रस्टपुढे माझी एक नम्र सूचना आहे. आपण गरीब विद्यार्थ्यांना फीसाठी मदत देतो, विधवांना मदत देतो. त्यात एक लहानसे कलम जोडावे. आपल्या माहितीतल्या ज्या घरी मेंढ्या आहेत, तेथील तीन महिन्यांच्या नरांपैकी सर्वांत सरस ठरलेला मेंढा विकला किंवा खच्ची केला जाऊ नये, यासाठी ईदच्या बाजारात त्याला जो भाव आला असता तो ट्रस्टने त्या घराला द्यावा. मेंढा ट्रस्टच्या वहीत नोंदवावा, आणि बेकवेलप्रमाणे तो हंगामाहंगामाने एका कळपातून दुसऱ्या कळपात फिरवावा. दोन-तीन हंगामांनी त्याचे काम संपले की तो विकावा आणि आलेला पैसा पुन्हा याच कामी लावावा. ही दानाची रक्कम नव्हे. ही खुंटीला टांगलेली कणसे आहेत. मेंढ्याची निवड, रोगांची तपासणी आणि लसी यांबाबत सल्ला हवा असेल तर 1955 सालापासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या महूतच आहे. आपण जाऊन विचारले तर तिथली जाणती माणसे चार गोष्टी सांगतील.

आपण ग्राहक मंडळींनीही एक गोष्ट मनावर घ्यावी. ईदला चांगले जनावर पाहावे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु एखाद्या गरिबाच्या दारात एकच मेंढा उठून दिसत असेल, तर भाव करण्याआधी त्याला एवढे विचारावे, "बाबा, पुढच्या सालासाठी दुसरा ठेवला आहेस ना?" त्याने नाही म्हटले, तर त्याच्याकडचा दुसरा घ्यावा. आपले काम भागेल आणि त्याचा कळप राहील.

त्या बाईचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. मुलगा दहावी झाला आणि कामाला लागला. कोकरे परवडेनात म्हणून तिने मेंढ्या मात्र दोन वर्षांत विकून टाकल्या. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले तेव्हा तिच्या दारात खुंटे तेवढे उरले होते. ते उत्तर मी तिला घरी जाऊन सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे नजर नव्हती. पण मास्तरसाहेब, तेव्हा कळले असते तरी मी काय केले असते? फी तर भरायची होतीच."

भगिनींनो आणि बंधूंनो, तिचे म्हणणे खरे होते. ज्ञान एकट्याला पुरत नाही. उत्तम मेंढा कोणता हे गरिबाला कळते, बहुतेक वेळा आपल्याहून अधिक कळते. त्याला तो ठेवता येत नाही, एवढेच. तो ठेवता यावा, यासाठी चार माणसांनी मिळून हात द्यावा लागतो, आणि अशा कामासाठीच आपल्या वडीलधाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हा ट्रस्ट काढला. फीच्या पावतीवर पुन्हा कधी असा मेंढा चढू नये, एवढीच माझी इच्छा आहे.